आत जाताना ताठ, आत राहताना मऊ

कवटी उघडून ड्युराचं जाड आवरण बाजूला केलं की आधी नजरेत भरतं ते मेंदूचं हलणं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला तो किंचित उचलला जातो, श्वासाबरोबर वरखाली होतो. बोटाला लागतो नीट जमलेल्या खरवसाइतका मऊ. न्यूरोसर्जन म्हणून माझी सारी कारकीर्द या अवयवाला जपण्यात गेली. त्यामुळे मेंदूत इलेक्ट्रोड बसवल्याची बातमी आली की त्यांची संख्या मी नंतर बघतो. ते कशाचे आहेत आणि तिथे टिकणार कसे, हे आधी.

२००४ साली अमेरिकेत मॅट नेगल या मानेखाली लुळ्या पडलेल्या तरुणाच्या मेंदूत 'यूटा अ‍ॅरे' बसवला गेला. चार मिलिमीटरचा चौकोन आणि त्यावर सिलिकॉनच्या १०० सुया. नुसतं मनात आणून त्याने पडद्यावरचा कर्सर हलवला. मोठीच गोष्ट होती ती! पण मेंदू हलत राहतो आणि सिलिकॉन वाकत नाही. सुईभोवती सतत घासणं चालतं, सूज येते, मायक्रोग्लिया आणि अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी तिच्याभोवती वण धरतात. मग चेतापेशींचा आवाज सुईपर्यंत नीट पोचत नाही.

यावर उपाय म्हणजे मऊ इलेक्ट्रोड. पॉलिइमाइड या प्लास्टिकचा केसाहून कितीतरी पातळ धागा, त्यात सोन्याच्या वाहिन्या. पण असा धागा मेंदूत ढकलू गेलात तर तो वरच्या वरच दुमडतो. खरी गोम इथे आहे.

हा पेच आम्हाला रोजचा आहे. ग्रेनोबलच्या अलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये कंपवातासाठी मेंदूला खोलवर विद्युत उत्तेजन द्यायची वाट दाखवली. त्या 'डीबीएस'मध्ये आम्ही घालतो ती लीड सव्वा मिलिमीटर जाडीची, लवचीक असते. तिच्या पोटात टंगस्टनची तार असते, स्टायलेट. रुग्ण बहुधा जागाच असतो. लीड जागेवर पोचली, हाताची थरथर ओसरली, की एका हाताने लीड कवटीशी घट्ट धरायची, दुसऱ्याने स्टायलेट सावकाश ओढायची आणि लगेच सी-आर्म या क्ष-किरण यंत्रावर टोक तपासायचं. दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी रुग्णाची जीभ जड होऊ शकते.

न्यूरालिंक या कंपनीच्या रोबोने हेच काम फार सूक्ष्म केलं आहे. धाग्याच्या टोकाच्या बारीक कड्यात सुई अडकते, वरच्या रक्तवाहिन्या चुकवत धागा आत नेते आणि एकटी बाहेर येते. जानेवारी २०२४ मध्ये नोलंड आर्बो या लुळ्या पडलेल्या रुग्णाच्या मेंदूत असे ६४ धागे, १,०२४ इलेक्ट्रोड बसवले. काही आठवड्यांतच त्यांतले बरेच धागे मागे सरकले. कंपनीने संकेत वाचायची रीत बदलून काम सावरलं, पण मेंदू अपेक्षेपेक्षा जास्त हलतो हे तिलाही मान्य करावं लागलं. ड्युरा उघडल्यावर आतलं पाणी निघून हवा शिरली की मेंदू कसा खाली बसतो, हे आम्ही टेबलावर नेहमी बघतो.

इतर वाटाही शोधल्या जात आहेत. हार्वर्डमध्ये २०१५ साली इलेक्ट्रॉनिक जाळी सिरिंजमधून उंदराच्या मेंदूत सोडली गेली. मला सर्वांत भावला तो स्वीडनच्या लिंकोपिंगचा २०२३ मधला प्रयोग. तिथे झेब्राफिशच्या शरीरात जेल टोचलं आणि शरीरातल्याच साखरेच्या मदतीने ते आत गेल्यावर विद्युतवाहक झालं. घालण्यापुरतासुद्धा ताठ इलेक्ट्रोड लागला नाही. माणसापर्यंत हे यायला मात्र वेळ आहे.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: बसवलेलं उपकरण पुढे सांभाळणार कोण? 'आर्गस २' हा दृष्टी गेलेल्यांसाठी डोळ्याच्या पडद्यावर बसवायचा लवचीक इलेक्ट्रोड होता. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी तो बसवून घेतला. पुढे सेकंड साइट कंपनीने ते काम गुंडाळलं आणि बिघडलेलं उपकरण दुरुस्त करायला कोणी उरलं नाही.

तुमच्या घरात कुणी लुळं पडलेलं असेल आणि अशा चाचणीचं बोलावणं आलं, तर ते जरूर ऐकून घ्या. पण संमतीपत्रावर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: पाच वर्षांनी हे बिघडलं तर बघणार कोण, आणि काढायची वेळ आली तर खर्च कोणाचा.