झाड लावले, पण माती?

पहिले चार पाऊस झाले की डोंबिवलीजवळच्या उंबार्ली टेकडीवर जावे आणि एखाद्या जुन्या झाडाखालचा पाचोळा हाताने बाजूला सारावा. वरची पाने कोरडी, खालची काळपट, त्याखाली नुसती शिरांची जाळी. अगदी तळाशी मातीला बिलगलेले पांढरे, सुतासारखे धागे. ही बुरशी. मातीचा तो ओला वासही ॲक्टिनोमायसिटीज गटातल्या जिवाणूंचा.

मुळे आणि त्यांना जोडून राहणारी बुरशी यांच्या जोडीला 1885 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक यांनी ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. झाड बुरशीला साखर देते, ती झाडाला स्फुरद आणि पाणी आणून देते. आपल्या तांबड्या मातीत लोह स्फुरदाला धरून ठेवते, त्यामुळे ही मदत मोलाची. करंज, शिरीष, खैर यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. पाचोळा कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो आणि साधारण अडीच हजार मिलिमीटर पावसाचा मारा त्याच आच्छादनावर अडतो.

पानांचे हे मोल ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कधीच नवे नव्हते. ऐनाच्या फांद्या तोडून भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, ही इथली जुनी रीत. राखेतून पालाश मिळे, तणही मरे. पण शेताला गेलेल्या पानाला जंगलाची माती मुकत होती. राबावर वनखात्याने घातलेल्या निर्बंधांविरुद्धचा असंतोष इतका वाढला, की 1885 मध्ये मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी वन आयोग नेमावा लागला.

पुढे वनीकरणात ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प आले. दोन्ही नत्र देतात, हे खरे. पण या बाभळीचा जाड पाचोळा सावकाश कुजतो, उन्हाळ्यात पेट घेतो, आणि एकाच जातीच्या लागवडीखाली सूक्ष्मजीवांना खाद्यही एकाच प्रकारचे मिळते. ऐन, किंजळ, पळस, कुडा अशा मिश्र पाचोळ्याची सर त्या एकसुरी पाचोळ्याला नाही.

राज्याने 2016 मध्ये दोन कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले. कल्याणच्या पलीकडे मांगरूळच्या टेकडीवर जुलै 2017 मध्ये एक लाख रोपे लावली गेली. नंतर वणव्यांनी त्यातली बरीच होरपळली. वणव्यात रोपाबरोबर मातीवरचे पांघरूणही जाते.

शहरात वणवा नाही, पण झाडू आहे आणि काँक्रीट आहे. बुंध्यापर्यंत फरशी आली की मुळांना हवा नाही, पाणी नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटर काँक्रीट काढायला सांगितले, ते याचसाठी.

ठाणे असो वा कल्याण-डोंबिवली, लागवडीचा हिशेब रोपांच्या आकड्यावर संपू नये. पाच वर्षांनी तिथल्या मातीतला सेंद्रिय कर्बही तपासावा. तोवर आपल्या सोसायटीतला पाचोळा जाळू नका, कचऱ्याच्या गाडीत घालू नका. तो झाडाच्या बुंध्याशीच राहू द्या.