काडेपेटीतला हिशेब

अंबरनाथला 'विम्को नाका' आहे. ज्या आगपेट्यांच्या कारखान्यावरून हे नाव पडले तो आता बंद आहे. नाव मात्र टिकले. आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी रसायनशास्त्राचे नाव काढताच दचकतो. परंतु अणूच्या पोटात काय काय आणि किती आहे, हे एका काडेपेटीच्या आधारे कोणालाही काढता येते.

पेटीच्या कडेची तपकिरी पट्टी पाहा. तिच्यात तांबडा फॉस्फरस असतो. मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याच्यापुढे दोन आकडे दिसतील : अणुक्रमांक १५ आणि अणुभार ३०.९७. अणुक्रमांक म्हणजेच प्रोटॉनांची संख्या. अणूवर एकूण विद्युतभार नसतो, म्हणून इलेक्ट्रॉनही १५. इलेक्ट्रॉनचे वजन प्रोटॉनच्या सुमारे १८३६ व्या हिश्शाइतके, म्हणजे नगण्य. तेव्हा अणूचे वजन प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचेच. अणुभार पूर्णांकात ३१ धरून त्यातून १५ वजा केले की न्यूट्रॉन उरतात १६.

आता काडीचे टोक. त्यातील पोटॅशियम क्लोरेटमध्ये क्लोरीन असते. त्याचा अणुक्रमांक १७, अणुभार ३५.४५. वजाबाकी येते १८.४५! पण अर्धामुर्धा न्यूट्रॉन नसतो. याचे कारण असे की, तक्त्यातील अणुभार ही सरासरी आहे. निसर्गात क्लोरीनचे अणू ३५ आणि ३७ अशा दोन भारांकांचे सापडतात. चारांपैकी सुमारे तीन ३५ चे. म्हणून न्यूट्रॉन एकात १८, दुसऱ्यात २०. यांनाच समस्थानिके म्हणतात. फॉस्फरस निसर्गात ३१ याच भारांकाचा मिळतो, म्हणून तेथे अडचण आली नाही.

मग या हिशेबाने सारे कळले काय? नाही. पूर्वी काड्यांना पांढरा फॉस्फरस लावीत. त्याच्याही अणूत प्रोटॉन १५ आणि न्यूट्रॉन १६ च. तरीही त्याच्या वाफांनी कामगारांच्या जबड्याची हाडे कुजत. १९०६ च्या बर्न येथील कराराने व भारतात १९१३ च्या कायद्याने अशा काड्यांवर बंदी आली. पांढऱ्यात चार-चार अणूंचे सुटे रेणू असतात. तांबड्यात अणू एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. फरक संख्येचा नव्हे, मांडणीचा.

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात आपण रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहतो. म्हणून एखाद्या द्रव्याचे नुसते नाव ऐकून घाबरू नये, की निर्धास्तही होऊ नये. 'ते कोणत्या रूपात आहे?' हा पुढचा प्रश्न विचारावा. तो विचारण्यास विज्ञानशाखेचाच विद्यार्थी असावे लागते असे नाही.