बेसिनपर्यंतचे दहा इंच

तीन वर्षांचं मूल साधारण 95 सेंटिमीटर उंच असतं आणि आपल्या घरांतली बेसिनं 80 ते 85 सेंटिमीटरवर बसवलेली असतात. मुलाला नळ दिसतो, खाली पडणारं पाणी दिसत नाही. नीट हात धुवायचे तर कोपर बेसिनच्या कडेच्या वर यायला हवं, आणि या वयात ते जमिनीपासून पंचावन्न-सत्तावन्न सेंटिमीटरवर असतं. मधलं अंतर घरातलं कुणीतरी मोठं माणूस मुलाला काखेत धरून भरून काढतं. दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या घरी नात राहायला आली, तेव्हा मी टेप लावून मोजलं. दहा इंच.

बाजारात प्लास्टिकचं स्टूल मिळतं, तेही स्वस्तात. पण ते एकाच उंचीचं असतं. दहा इंच एका दमात चढणं म्हणजे त्या मुलाच्या गुडघ्याइतकं चढणं. मोठ्या माणसासाठी जिन्याची पायरी सहा-सात इंचांची करतात, मग लहानग्याने दहा का चढावेत? पाच आणि पाच अशा दोन पायऱ्या हव्यात. पाय ठेवायला पुरेशी रुंदी हवी आणि मुलाला ते स्वतः ओढून नेता यायला हवं. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. मारिया माँटेसोरी यांनी 1907 साली रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं आणि मुलांनी स्वतः हलवावं असं हलकं, त्यांच्या मापाचं सामान करून घेतलं. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा महागड्या साहित्याऐवजी गावात मिळेल त्यातून हाच विचार उभा केला. मुलाला उचलून घेण्यात माया असतेच. पण त्याला स्वतःला पोचता यावं अशी सोय करण्यातही तितकीच माया असते, असं मी मानतो.

असं स्टूल करून घ्यायला मेट्रोच्या निळ्या मार्गाने कीर्तीनगरला उतरलं की फर्निचरच्या मोठमोठ्या शोरूम दिसतात. काम होतं ते मागच्या गल्ल्यांत आणि टिंबर मार्केटमध्ये. आमचे मिस्त्री मूळचे सहारनपूरचे, म्हणजे लाकडावरच्या नक्षीसाठी नावाजलेल्या गावचे. स्टूल म्हटल्यावर त्यांनी प्लायवूड सुचवलं. हरियाणातल्या यमुनानगरहून येणारं प्लायवूड बरंचसं पॉप्लरचं असतं, हलकं आणि सपाट. पण त्याच्या कापलेल्या कडा न्हाणीघरातल्या ओलीत फुगतात. पॅकिंगच्या पेट्यांचं चीड लाकूडही तिथे ढिगाने मिळतं. त्याच्यावर आंतरराष्ट्रीय शिक्का असतो. शिक्क्यात ‘एचटी’ असेल तर कीड मारण्यासाठी लाकूड तापवलेलं असतं, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूने धुरी दिलेली असते. शिक्का पुसट झालेली फळी मुलाच्या वस्तूसाठी मी घेणार नाही.

शेवटी शिसम ठरलं. उत्तरेकडचं हे शिसम आपल्या सह्याद्रीतल्या शिसवाचं भावंड, पण झाड वेगळं. रंगाने ते तपकिरी-सोनेरी असतं. पलंग करून उरलेले तुकडे कारखान्यात पडलेलेच होते आणि आम्हाला लागणार होतं जेमतेम पाव घनफूट. मिस्त्रींनी प्रत्येक तुकडा उजेडात धरून त्याच्या कडेचा फिकट पट्टा करवतीने काढून टाकला. तो सालीजवळचा कच्चा भाग. भुंगा आधी तिथेच लागतो.

सात इंच रुंदीची अखंड, सरळ फळी अशा तुकड्यांतून निघत नाही. म्हणून पट्ट्या जोडून फळ्या केल्या. बाजूच्या दोन फळ्या, दोन पायऱ्या आणि मागची एक आडवी पट्टी, सगळं सहा सूत जाड. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दिल्लीच्या सुतारकामात आजही मापं इंच-सुतातच बोलली जातात.

इथे लाकडाच्या रेषांचा प्रश्न येतो. स्टूल टिकणार की चिरणार, हे तिथेच ठरतं. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. दिल्लीत हे चांगलंच जाणवतं. मे महिन्याच्या लूमध्ये फळी आकसते आणि श्रावणात फुगते. बाजूच्या फळ्यांच्या रेषा उभ्या ठेवल्या आणि पायऱ्यांच्या डावी-उजवीकडे, तर दोन्ही फळ्या एकाच दिशेने, पुढे-मागे, फुगतात आणि आकसतात. सांध्यावर ताण येत नाही. बाजूच्या रेषा आडव्या घेतल्या असत्या, तर पायरी फुगताना बाजू जागची हलली नसती आणि दोन-तीन उन्हाळ्यांत कुठेतरी चीर गेली असती.

सरस लावून, शिकंज्यांत आवळून फळ्या रात्रभर ठेवल्या. सकाळी रंधा फिरला. शिसमाचा रंधा सोपा नसतो. रेषा मध्येच उलटी वळते आणि पातं अडकून लाकडाचा टवका निघतो. अशा जागी मिस्त्री फळी फिरवून उलट बाजूने येत, रंध्याचं पातं हातोडीच्या हलक्या टोल्याने आणखी मागे घेत आणि कागदाहून पातळ साल काढत. नजर पात्यावर नसायची. आवाजावरूनच त्यांना कळत होतं.

खरी चर्चा झाली ती वरच्या पायरीच्या कडेवरून. चौरंगाला असते तशी कड बाजूच्या फळीच्या बाहेर दीड-दोन इंच काढायची, असं मिस्त्रींचं मत. ‘बाऊजी, किनारा बाहर नहीं निकाला तो डिब्बा लगेगा.’ दिसायला ते बरोबरच होतं. पण चौरंगावर देव बसतो आणि तो हलत नाही. मूल कडेवर उभं राहून साबणाकडे झुकतं. आधाराच्या बाहेर गेलेल्या कडेवर भार पडला की स्टूल दुसऱ्या बाजूने उचललं जातं. मी म्हटलं, कड काढूच नका. त्यावर त्यांचं उत्तर बिनतोड होतं: बाजूच्या फळीचं कुसू, म्हणजे सांध्यासाठी टोकाला काढलेली जीभ, पायरीच्या आरपार बसणार, मग त्या भोकाच्या पलीकडे इंचभर लाकूड तरी राहायला हवं, नाहीतर टोक तुटून जाईल.

दोघांचंही खरं होतं, तेव्हा बाजूच्या फळ्यांना कल दिला. दहा इंच उंचीत दीड इंच बाहेर, म्हणजे साधारण साडेआठ अंश. पायरीची कड इंचभर बाहेर राहिली, पण पायाचं टोक तिच्याही पुढे अर्धा इंच गेलं. आता मूल कडेवर कुठेही उभं राहिलं तरी त्याचा भार पायांच्या आतच पडतो. कलामुळे काम मात्र दुप्पट झालं. खालची पायरी वरच्या पायरीपेक्षा दीड इंच लांब झाली, पायांचे तळ तिरके कापावे लागले आणि कुसवाचं प्रत्येक भोक पटाशीने त्याच तिरक्या कोनात कोरावं लागलं. कोन एकदा सरकत्या गुण्यावर बांधला आणि शेवटपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही.

कुसू पायरीच्या वर एक सूतभर बाहेर आलं, तेव्हा त्यात करवतीने फट पाडून पाचर ठोकायची होती. पाचर कुसवाला फुगवते आणि सांधा कायमचा आवळला जातो. पण तिने कुसू पायरीच्या रेषांच्या दिशेनेच फुगवायला हवं. ते आडवं फुगलं तर पायरीच उभी फाटते. म्हणून फट पुढून मागे पाडली. पाचर ठोकताना आवाज बदलत जातो. आधी भद्द, मग भरीव, मग टणक. टणक झाल्यावर आणखी एकही घाव नाही. बाहेर राहिलेलं टोक कापून रंध्याने सपाट केलं, तेव्हा पायरीवर गडद शिसमात पाचरीची फिकट रेघ उमटली. एवढीच काय ती नक्षी.

वरच्या पायरीत हाताने धरायची खाच ठेवली. चार इंच लांब, सव्वा इंच रुंद. पूर्ण हात जावा, पण एखादंच बोट अडकून बसेल असं भोक नको.

पॉलिशचा विचार नीट करायला हवा, कारण मूल कड चाटतं, चावतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून 90 पीपीएम आहे, पण गल्लीतल्या सुट्या डब्यात कुठला रंग आहे ते कळायला मार्ग नाही. ‘उकळलेलं’ म्हणून मिळणाऱ्या अळशीच्या तेलातही लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असू शकतात. आम्ही चपडा घेतला. लाखेच्या किड्यापासून मिळणारी ही राळ औषधाच्या गोळ्यांवरही चढवतात. स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने तिचे पातळ हात दिले. चपडा साचलेल्या पाण्यापुढे टिकत नाही, ही त्याची उणी बाजू. म्हणून पायांच्या तळाशी, जिथे कापलेल्या रेषा स्ट्रॉसारखं पाणी ओढतात तिथे, लाकूड आणखी पीत नाही तोवर चपडा पाजला आणि खाली रबराच्या चकत्या लावल्या. त्यांच्यामुळे लाकूड ओल्या फरशीपासून उचललं जातं आणि स्टूल सरकतही नाही. दरवर्षी उन्हाळ्यात एक नवा हात द्यावा लागेल.

स्टुलाचं वजन चार किलोच्या आसपास भरलं. नात ते खाचेत हात घालून ओढते, आणि फक्त बेसिनपर्यंतच ओढते असं नाही. आमचं घर सातव्या मजल्यावर आहे. बाल्कनीचा कठडा 42 इंचांचा. स्टूल शेजारी ठेवलं की तो 32 इंचांचा होतो आणि सदतीस इंचांच्या मुलाचं डोकं त्याच्या वर येतं. दिल्ली, नोएडा, गुडगावच्या उंच इमारतींत राहणाऱ्या प्रत्येकाने असं स्टूल करायच्या आधी हा हिशेब मांडावा, असं मला कळकळीने वाटतं. आमच्या बाल्कनीच्या दाराची कडी चार फुटांवर होती. हात वर केला की नातीची बोटं साडेतीन फुटांच्या जरा पुढे जातात, स्टुलावरून ती चार फूट सहज ओलांडतात. गरम पाण्याचा नळही आता तिच्या हाती आला होता, आणि 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. गीझरचा काटा खाली आणला. औषधांचा डबा वरच्या कप्प्यात गेला. स्टूल पोचवायला आलेल्या मिस्त्रींनीच बाल्कनीच्या दाराची कडी साडेपाच फुटांवर नेली आणि जुन्या कडीची भोकं शिसमाच्या भुशात सरस कालवून बुजवली.