मुंबई गोदी स्फोट: कापूस धुमसतो, मग दारूगोळाच का फुटतो?

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन दारूगोळाही. दुपारी चारनंतर अर्ध्या तासात दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

आश्चर्य म्हणजे, एक किलो कापूस जळून जेवढी उष्णता देतो, तेवढी एक किलो टीएनटी फुटून देत नाही. मग फरक कशाचा? वेगाचा!

कापसाला हवेतला ऑक्सिजन लागतो, म्हणून दाबलेली गाठ तासन्‌तास धुमसते. बहुतेक स्फोटकांत ऑक्सिजन आतच असतो. हजारेक वर्षांपूर्वी चीनमध्ये तयार झालेली बंदुकीची दारू भराभर जळते. १८६३ मध्ये जर्मनीत तयार झालेल्या टीएनटीत मात्र धक्कालहर सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगाने धावते. घन पदार्थाचा क्षणात तप्त वायू होतो आणि त्याचा दाब भिंती पाडतो.

म्हणूनच स्फोटकांशेजारी पेट घेणारा माल ठेवायचा नसतो. त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात.