उन्हात टिकणारी लस

बेळगावच्या टिळकवाडीतील ‘व्हॅक्सीन डेपो’ आपल्या परिचयाचा आहे. तेथील संस्थेत एके काळी देवीची लस तयार होत असे. ओली लस उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत निर्बल होई. मग देवी काढूनही रोग टळत नसे. जेथे बर्फ मिळत नसे, त्या खेड्यांवर हे संकट विशेष ओढवे.

इ. स. १९५० नंतर लंडनच्या लिस्टर संस्थेतील लेस्ली कोलियर यांनी यावर उपाय शोधला. लसीत पेप्टोन मिसळून ती गोठवावयाची आणि निर्वात पात्रात तिच्यातील बर्फाची थेट वाफ करावयाची. पाणी गेले की लसीचा नाश मंदावतो. अशी कोरडी लस ३७ अंश उष्णतेतही महिनोन्‌महिने टिके. टोचण्यापूर्वी ती द्रवात कालवीत. पुढे बेळगावासही ती होऊ लागली. भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जग देवीमुक्त घोषित झाले.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी केलेली मेंदूच्या आवरणदाहावरील लस ४० अंशांपर्यंतच्या उष्म्यात चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवण्यास २०१२ साली मान्यता मिळाली. तरीही बहुतेक लसींना आजही थंडावा लागतोच. शीतपेटी जेथे पोचत नाही, तेथील बालकासही तितकेच संरक्षण लाभावे, यातच या संशोधनाचे सार्थक होय.