प्रोस्टेट: लहानशी ग्रंथी, दाटीची जागा

पनवेल तालुक्यातलं गव्हाण हे एकेकाळी भातशेती आणि खाडीतल्या मासेमारीवर जगणारं गाव. आता एका अंगाला उलव्याच्या इमारती, दुसऱ्या अंगाला न्हावा-शेवा बंदराकडे धावणारे कंटेनर आणि जवळच २०२४च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू. ज्या पिढीने खाचरात चिखल तुडवला आणि खाडीत होड्या घातल्या, ती आज साठी-सत्तरीत आहे. गव्हाणच काय, कोकणपट्टीतल्या कुठल्याही गावात या वयाच्या पुरुषांची एक तक्रार सारखीच असते. रात्री तीन-तीनदा उठावं लागतं. धार बारीक झाली आहे. बराच वेळ उभं राहिलं तरी लघवी सुरू होत नाही, झाली तरी मोकळं वाटत नाही. घरात कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: “वय झालं, आता चालायचंच.” सुनेसमोर, लेकीसमोर तर विषयच निघत नाही. मग एखाद्या रात्री लघवी पार तुंबते, ओटीपोट टरारून फुगतं आणि मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठावा लागतो.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी तरुणपणी जेमतेम वीस ग्रॅमची असते. आकार म्हणाल तर श्रीवर्धनच्या वाडीतल्या, अजून न सोललेल्या सुपारीएवढा: रुंदी सुमारे चार सेंटिमीटर, उंची तीन, जाडी दोन. तिचा रुंद भाग वर मूत्राशयाच्या तोंडाला चिकटलेला, निमुळतं टोक खाली. समोर जघनाचं हाड, मागे गुदाशय. आणि मूत्राशयातून निघालेली मूत्रनलिका या ग्रंथीच्या बाजूने जात नाही, थेट तिच्या पोटातून जाते. या नलिकेचा सुमारे तीन सेंटिमीटरचा भाग चहूबाजूंनी ग्रंथीने वेढलेला असतो. पुढच्या सगळ्या त्रासाचं कारण ही जागा आहे.

या जागेची नोंद आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या वाताष्ठीलेचं वर्णन मलमार्ग आणि बस्ती यांच्या मध्ये होणारी, दगडासारखी घट्ट, जागची न हलणारी आणि लघवी अडवणारी गाठ असं आहे. युरोपात ही ग्रंथी चित्रात उतरली ती सोळाव्या शतकात, व्हेसालियसच्या काळात.

ग्रंथी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग स्राव तयार करणाऱ्या पेशींचा आणि उरलेला स्नायू व तंतूंचा दिसतो. तीस ते पन्नास बारीक ग्रंथिका, त्यांच्या फांद्या फुटलेल्या नलिका, आणि त्या नलिकांची तोंडं मूत्रनलिकेच्या आतल्या एका उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना उघडलेली. वीर्यवाहिन्याही याच उंचवट्यावर येऊन मिळतात, म्हणजे लघवीची आणि वीर्याची वाट इथून पुढे एकच होते. उतारवयात या ग्रंथिकांच्या पोकळीत गोल, थराथरांचे कण साठतात. बायोप्सीच्या काचेवर ते गुलाबी वर्तुळांसारखे उठून दिसतात. ते निरुपद्रवी असतात.

ग्रंथीचं काम वीर्याचा सुमारे पंचवीस ते तीस टक्के भाग बनवण्याचं. तिचा स्राव पातळ, दुधी, किंचित आम्लधर्मी असतो. त्यात सायट्रेट भरपूर आणि जस्त तर विलक्षण प्रमाणात. शरीरातल्या मऊ अवयवांत सर्वाधिक जस्त इथेच साठतं. या दोन गोष्टींचं नातं मोठं देखणं आहे. इतर पेशी सायट्रेट जाळून ऊर्जा मिळवतात. प्रोस्टेटच्या पेशींत मात्र जस्त त्या ज्वलनाचं एक विकर रोखून धरतं, म्हणून सायट्रेट साठतं आणि स्रावात सोडता येतं. पेशी कॅन्सरकडे वळल्या की त्यांची जस्त साठवण्याची क्षमता जाते आणि त्या सायट्रेट जाळू लागतात. याच स्रावात पीएसए नावाचं प्रथिन असतं. घट्ट वीर्य पातळ करणं हे त्याचं खरं काम. रक्तात ते अगदी थोडं उतरतं, आणि तेवढंच आपण तपासणीत मोजतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या पुस्तकांत या ग्रंथीचे पाच खंड सांगितलेले असत. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट जॉन मॅकनील यांनी ती वेगवेगळ्या दिशांनी कापून पाहिली आणि खंडांऐवजी विभाग मांडले. आज एमआरआयचा अहवालही याच विभागांच्या भाषेत लिहिला जातो. मागचा आणि कडेचा परिघीय विभाग, ग्रंथीमय भागाचा सुमारे ७० टक्के. वीर्यवाहिन्यांभोवतीचा मध्य विभाग, सुमारे २५ टक्के. आणि मूत्रनलिकेला दोन्ही अंगांनी बिलगलेला संक्रमण विभाग, तरुणपणी अवघा ५ टक्के. समोरच्या बाजूला ग्रंथी जवळजवळ नाहीतच, तिथे नुसता स्नायू-तंतूंचा पडदा.

वयानुसार वाढतो तो हा ५ टक्क्यांचा विभाग. पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांत ही साधी वाढ सूक्ष्मदर्शकाखाली सापडते, ऐंशीनंतर बहुतेकांत. ती नलिकेला लागूनच होत असल्याने धार लगेच बारीक होते. कॅन्सर मात्र दहापैकी सातेक वेळा परिघीय विभागात सुरू होतो, म्हणजे मागे, गुदाशयाकडे, मूत्रनलिकेपासून लांब. तिथली गाठ बरीच मोठी होईपर्यंत लघवीला काहीही होत नाही. म्हणून धार अडली की कॅन्सरच, ही भीती चुकीची. आणि धार चांगली आहे म्हणजे कॅन्सर नाही, हा दिलासाही तितकाच चुकीचा. गुदद्वारातून बोट घालून करायची तपासणी अनेकांना नकोशी वाटते. पण डॉक्टरांच्या बोटाला नेमका तोच मागचा विभाग लागतो, आणि त्याला अर्धं मिनिटही पुरतं.

ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचं प्रमाण सरळ नसतं. तीस ग्रॅमच्या ग्रंथीने लघवी तुंबते आणि ऐंशी ग्रॅमची ग्रंथी घेऊन माणूस निवांत झोपतो, असंही होतं. याचं एक कारण तिच्यातला स्नायू. तो आणि मूत्राशयाच्या मानेचा स्नायू आवळला की वाट आणखी चिंचोळी होते. टॅम्सुलोसिनसारखी गोळी हा स्नायू सैल करते, म्हणून तिचा गुण काही दिवसांत दिसतो. उलट सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलएफ्रिन तोच स्नायू आवळतं आणि जोडीचं क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर कमी करतं. साध्या पडशावर दुकानातून आणलेल्या गोळीने लघवी अडलेले आजोबा युरॉलॉजिस्टना नवे नाहीत.

दुसऱ्या जातीचं औषध ग्रंथीच्या वाढीवरच काम करतं. टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन झालं की ग्रंथी वाढते. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड हा बदल रोखतात. त्यांना महिने लागतात. कॅन्सरही पुरुषी संप्रेरकांवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ग्रंथीच्या दोन्ही कडांना लिंगाच्या ताठरतेच्या नसा चिकटून जातात. त्या नेमक्या कुठून जातात हे १९८१ मध्ये नेदरलँड्सच्या लायडनमध्ये पीटर डोंकर आणि पॅट्रिक वॉल्श यांनी शवविच्छेदनातून शोधलं, आणि पुढच्याच वर्षी वॉल्श यांनी त्या वाचवून शस्त्रक्रिया केली. भोवतीच्या शिरांचं जाळं मणक्याच्या शिरांशी जोडलेलं आहे. हा कॅन्सर कंबरेच्या हाडांत वारंवार का उतरतो, याचं एक स्पष्टीकरण त्या जोडणीत आहे.

लसिकेच्या वाटा हा याच शरीररचनेचा भाग, आणि त्यांच्याविषयीचा एक मोठा प्रश्न मुंबईत तपासला गेला. ग्रंथीतली लसिका ओटीपोटातल्या लसिका-गाठींकडे जाते. मग जास्त जोखमीचा कॅन्सर असलेल्या रुग्णांत किरणोपचार फक्त ग्रंथीला द्यायचे की त्या गाठींनाही? टाटा मेमोरियलचे डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ दरम्यान २२४ रुग्णांची चाचणीत नोंद केली. पाच वर्षांनी, गाठींनाही किरण दिलेल्या गटात ९५ टक्के रुग्णांचा पीएसए पुन्हा चढलेला नव्हता. फक्त ग्रंथीला दिलेल्या गटात हे प्रमाण ८१ टक्के होतं. एकूण आयुर्मानात तेवढ्या काळात फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांची दखल जगभर घेतली गेली. त्याच टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र खारघरला आहे, गव्हाणच्याच तालुक्यात.

पनवेल-उरण पट्ट्यातल्या घरांनी चार गोष्टी कराव्यात. लघवी पूर्ण अडली तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावं. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर पन्नाशीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं. आणि पीएसएचे जुने कागद फेकू नयेत. साध्या वाढीने, जंतुसंसर्गाने, लघवीची नळी घातल्यानेही पीएसए चढतो. एका आकड्यापेक्षा तो कसा बदलत गेला, हे अधिक सांगून जातं. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना ते नक्की सांगावं. सहाएक महिन्यांत ही औषधं पीएसए जवळपास निम्म्यावर आणतात, आणि कागदावर २ दिसणारा आकडा खरा ४चा असू शकतो.