तपासी अंमलदाराची साक्ष

भरे (ता. मुळशी) येथे घडलेल्या एखाद्या गुन्ह्याचा तपासी अंमलदार जेव्हा कालांतराने साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, तेव्हा फिर्याद, पंचनामे, जप्त मुद्देमाल आणि तपासाची रोजनिशी यांचे साक्षेपी वाचन त्याने अगोदर केलेले असणे अगत्याचे असते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १६२ अन्वये तपासाच्या वेळी स्वतः केलेले टिपण पाहून स्मृती ताजी करण्याची मुभा त्यास आहे. मात्र मागणी होताच ते प्रतिपक्षास दाखवावे लागते. कलम २३ अन्वये, वस्तूच्या शोधास कारण ठरलेला अंश वगळता, पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. म्हणूनच सरतपासात व उलटतपासात सारखेच निश्चल राहून, ठाऊक असेल तेवढेच सांगणे, यातच वर्दीची खरी प्रतिष्ठा आहे.